टायलर हॅन्सब्रो कॉलेजात एवढा मोठा होता, मग एनबीएत काय झालं?

प्रश्न असा आला आहे: "नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाकडून खेळताना टायलर हॅन्सब्रोने मायकेल जॉर्डनपेक्षा हजारभर गुण जास्त केले, असं वाचलं. एनबीएत मात्र त्याचं नाव कधी ऐकलं नाही. कॉलेज गाजवणारा खेळाडू पुढे फेल का जातो? माझा मुलगा सोळा वर्षांचा आहे, उंची चांगली, उडी बेताची, पोस्टला खेळतो. त्याने अशा खेळाडूचे व्हिडिओ बघावेत का?"

मी बरीच वर्षं उंच मुलामुलींना पोस्टचा, म्हणजे रिंगजवळ जागा धरून खेळायचा, खेळ शिकवतो. त्यामुळे हॅन्सब्रो हा माझ्या फार जिव्हाळ्याचा विषय आहे. उत्तर लांबेल, पण विषयच तसा आहे.

आधी आकडे नीट लावून घेऊ. जॉर्डन चॅपल हिलला, म्हणजे नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाच्या गावी, तीन वर्षं खेळला आणि त्याने 1,788 गुण केले. हॅन्सब्रो 2005 ते 2009 अशी चारही वर्षं खेळला आणि 142 सामन्यांत त्याने 2,872 गुण केले. अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्समध्ये, म्हणजे ड्यूक, वेक फॉरेस्ट आणि 2014 पर्यंत मेरीलँड यांच्यासारखे विद्यापीठांचे संघ जिथे वर्षानुवर्षं एकमेकांशी झुंजत आले तिथे, एका खेळाडूचे सर्वाधिक गुण आजही हेच आहेत. 2008 साली तो देशातला सर्वोत्तम कॉलेज खेळाडू ठरला, 2009 साली त्याच्या संघाने राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं आणि त्याची 50 नंबरची जर्सी विद्यापीठाने निवृत्त केली. त्या सभागृहात जॉर्डनची 23 नंबरची जर्सीही तशीच टांगलेली आहे.

आता 'फेल' या शब्दाबद्दल. हॅन्सब्रोला 2009 च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे एनबीए संघ नवे खेळाडू निवडतात त्या वार्षिक निवडीत, इंडियाना पेसर्सने तेराव्या क्रमांकावर घेतलं. पेसर्स, टोरांटो आणि शार्लट मिळून तो एनबीएत सात हंगाम खेळला आणि नंतर चीनच्या लीगमध्ये गेला. अमेरिकेत कॉलेज बास्केटबॉल खेळणाऱ्या हजारो मुलांपैकी एनबीएचं दार पाहणारेच मुळात मूठभर, आणि त्यात सात हंगाम टिकणारे त्याहून कमी. अमोल मुजुमदार भारताकडून एकही कसोटी खेळला नाही, पण प्रथम श्रेणीत त्याने 11 हजारांवर धावा केल्या. त्याला मुंबईत कुणी फेल म्हटलेलं मी ऐकलेलं नाही. हॅन्सब्रोकडेही त्याच नजरेने बघा. कॉलेज बास्केटबॉल हा एनबीएचा लहान वर्ग नाही. त्याचे नियम वेगळे, रिंगण वेगळं, प्रेक्षक वेगळे, आणि त्या खेळातला हा एक अव्वल माणूस होता.

तो मिसूरी राज्यातल्या पॉप्लर ब्लफ नावाच्या छोट्या गावातला. वडील अस्थिशल्यविशारद. थोरला भाऊ ग्रेग लहान असताना त्याच्या मेंदूत गाठ निघाली, शस्त्रक्रिया झाली, आणि त्यानंतर शरीराची एक बाजू कमजोर राहिली. तरी ग्रेग पुन्हा पळायला शिकला आणि पुढे मॅरेथॉन धावला. मी मेहनत करायला भावाकडून शिकलो, असं टायलर अनेकदा सांगत आला आहे. शाळेकडून त्याने राज्याची दोन विजेतेपदं मिळवली. 2005 साली शाळा संपवणाऱ्या मुलांना थेट एनबीएच्या ड्राफ्टमध्ये जाता येत होतं, आणि ती तशी शेवटची तुकडी. पुढच्या वर्षीपासून शाळेनंतर किमान एक वर्ष थांबण्याचा नियम आला. त्यातून एक वर्ष कॉलेजात खेळायचं आणि निघून जायचं, ही पद्धत रुळली. ग्रेग ओडन, केव्हिन ड्युरंट, डेरिक रोझ, मायकेल बीझली, केव्हिन लव्ह ही सगळी त्याच काळातली आणि सगळी एका वर्षात बाहेर पडलेली. या गर्दीत हॅन्सब्रो चार वर्षं थांबला.

तो चॅपल हिलला आला तेव्हा संघ रिकामा होता. एप्रिल 2005 मध्ये प्रशिक्षक रॉय विल्यम्सच्या या संघाने राष्ट्रीय विजेतेपद जिंकलं आणि लगेच मार्विन विल्यम्स, रेमंड फेल्टन, शॉन मे, रशाद मकँट्स असे चार जण ड्राफ्टच्या पहिल्या चौदा जणांत निवडले गेले. उरलेल्या मुलांकडून कुणी फारशी अपेक्षा ठेवली नव्हती. अशा संघात पहिल्या दिवसापासून पोस्टची सगळी जबाबदारी अठरा-एकोणीस वर्षांच्या या मुलावर पडली आणि त्याने सामन्याला सरासरी 18.9 गुण काढले. फेब्रुवारी 2006 मध्ये जॉर्जिया टेकविरुद्ध त्याने 40 गुण केले. त्या कॉन्फरन्समध्ये पहिल्या वर्षाच्या मुलाने एका सामन्यात एवढे गुण तोवर कधी केले नव्हते. मार्चमध्ये ड्यूकच्या कॅमेरून इनडोअरमध्ये, ड्यूकचा स्टार जे. जे. रेडिक याच्या निरोपाच्या सामन्यात, ड्यूक हरलं. पुढच्या तिन्ही वर्षीही हॅन्सब्रो तिथून जिंकूनच परतला. चार वर्षांत त्या मैदानावर एकदाही हार नाही, हे चॅपल हिलची मंडळी आजही अभिमानाने सांगतात.

आता मुख्य मुद्दा: त्याचा खेळ नेमका काय होता? उडी साधारण. हात त्याच्या उंचीच्या मानाने फार लांब नाहीत. शॉट खालून, खांद्याजवळून सुटायचा आणि दिसायला ओबडधोबड. उंची कागदावर 6 फूट 9 इंच, म्हणजे सेंटरच्या, रिंगखालच्या सर्वांत उंच खेळाडूच्या, मानाने कमीच. तरी त्याला अडवणं अवघड होतं, कारण तो सामन्याचा सगळा हिशेब फाऊलवर मांडायचा.

त्याची एक हालचाल सावकाश बघा. नॉर्थ कॅरोलायनाला रिबाऊंड, म्हणजे चुकलेल्या शॉटचा चेंडू, मिळतो. बहुतेक उंच मुलं रिबाऊंडनंतर क्षणभर उभी राहतात, चेंडू गार्डकडे, म्हणजे तो पुढे नेणाऱ्या खेळाडूकडे, गेला हे बघतात आणि मग धावू लागतात. हॅन्सब्रो गार्डच्या हातात चेंडू पोचण्याआधीच वळलेला असतो. समोरच्या रिंगच्या दिशेने सरळ, मधल्या पट्ट्यातून. प्रशिक्षक विल्यम्सच्या पद्धतीत उंच खेळाडूचं पहिलं काम हेच: एका रिंगपासून दुसऱ्या रिंगपर्यंत सरळ पळायचं. त्याला अडवणारा मागे वळून पाहतो तोवर हा रिंगच्या दोन पावलं अलीकडे पोचलेला असतो. मग तो थांबतो, मागे सरकतो, बूड खाली घेतो आणि कंबर बचाव करणाऱ्याच्या मांडीला टेकवतो. एक हात दुमडून आडवा, दुसरा हात उंच, उघडा पंजा चेंडू मागतो आहे. चेंडू आला की तो छातीच्या खाली जात नाही, तिथेच हनुवटीपाशी घट्ट धरलेला राहतो. मग खांदा समोरच्याच्या छातीत जातो आणि चेंडू दोन्ही हातांत ठेवूनच तो वर उठतो. समोरच्याने हात खाली आणला की शिट्टी. नाही आणला की दोन गुण.

यात उडी कुठेही लागली नाही. तीन गोष्टी लागल्या. दुसऱ्याच्या आधी पोचणं, खाली बसून जागा धरणं आणि धक्का लागणार हे माहीत असूनही शॉट पूर्ण करणं.

चार वर्षांत त्याला 1,241 फ्री थ्रो, म्हणजे फाऊलनंतर लाइनवरून टाकायचे एका गुणाचे मोकळे शॉट, मिळाले आणि त्यातले 982 त्याने घातले. म्हणजे त्याच्या एकूण गुणांतला एक तृतीयांशाहून जास्त वाटा फ्री थ्रोचा. त्याआधीचा विक्रम वेक फॉरेस्टच्या डिकी हेमरिकचा, 905, आणि तो 1955 पासून कुणी मोडला नव्हता. मला यातली आणखी एक गोष्ट फार आवडते. पहिल्या वर्षी त्याचे फ्री थ्रो 74 टक्क्यांच्या आसपास पडत होते, शेवटच्या वर्षी 84 टक्के. फाऊल कमावून उपयोग नाही, ते वसूलही करता आले पाहिजेत. मुलगा दरवर्षी त्यावर काम करत होता, हे त्या आकड्यांत दिसतं.

हे कॉलेजात एवढं का चाललं, यासाठी नियम समजून घ्यावे लागतील. कॉलेजचा सामना तेव्हा 20 मिनिटांचे दोन हाफ असा होता, आजही आहे. संघाचे फाऊल पूर्ण हाफभर साठत जायचे. सातव्या फाऊलपासून समोरच्याला फ्री थ्रो मिळायचा, त्यातला पहिला पडला तर दुसरा. दहाव्यापासून थेट दोन. हॅन्सब्रोने पहिल्या आठ-दहा मिनिटांत चार-पाच फाऊल काढले की उरलेला हाफ समोरचा संघ हात आखडून खेळायचा. मग टाय लॉसनसारखा वेगवान गार्ड आत घुसला तरी त्याच्या अंगाला हात लावायची सोय नाही. हॅन्सब्रोने कमावलेल्या फाऊलवर सगळा संघ खायचा. हे त्याच्या गुणांच्या आकड्यात कुठेच दिसत नाही. एनबीएत दर 12 मिनिटांनी क्वार्टर संपतो आणि संघाचे फाऊल पुन्हा शून्यावर येतात.

वैयक्तिक फाऊलबद्दल लोक चटकन म्हणतात की कॉलेजात पाचव्या फाऊलला बाहेर, एनबीएत सहाव्याला, म्हणून फरक पडला. हिशेब करून बघा: 40 मिनिटांत 5 आणि 48 मिनिटांत 6, दोन्हीकडे आठ मिनिटांना एक. खरा फरक बेंचवर आहे. कॉलेज संघाकडे खरोखर कामाचे उंच खेळाडू दोन, फार तर तीन. पहिल्याला पहिल्या हाफमध्ये दोन फाऊल झाले की प्रशिक्षक त्याला बसवतोच, ही तिथली जुनी सवय. मग हॅन्सब्रोसमोर दुसऱ्या फळीतलं पोरगं यायचं आणि त्याची धुलाई व्हायची. एनबीएत एक जण बसला तर तेवढाच तगडा दुसरा आत येतो, आणि त्याचे हात पहिल्यापेक्षाही लांब असतात.

त्याच्या स्वभावाची साक्ष देणारा प्रसंग 4 मार्च 2007 चा. चॅपल हिलला ड्यूकविरुद्ध सामना. नॉर्थ कॅरोलायना दहाहून जास्त गुणांनी पुढे, शेवटचे 14.5 सेकंद उरलेले. हॅन्सब्रोचा फ्री थ्रो चुकला. सामना संपल्यात जमा असताना बहुतेक जण तिथून बचावासाठी मागे वळले असते. हा स्वतःच्याच चुकलेल्या शॉटचा रिबाऊंड घेऊन पुन्हा वर उठला आणि ड्यूकच्या जेराल्ड हेंडरसनचं कोपर त्याच्या नाकावर बसलं. नाक फुटलं, रक्ताने तोंड माखलं, आणि त्या अवस्थेत तो उठला तो थेट भांडायच्या पवित्र्यातच. हेंडरसनला बाहेर काढलं आणि एका सामन्याची बंदी घातली. सामना निकाली निघालेला असताना त्याला मैदानावर ठेवलंच का, अशी टीका विल्यम्सवरही झाली. त्या दिवशी त्याचे 26 गुण आणि 17 रिबाऊंड होते. पुढचे काही सामने तो चेहऱ्यावर मास्क लावून खेळला. संघाच्या व्यायाम प्रशिक्षकाने त्याला 'सायको टी' हे नाव पाडलं होतं, ते यानंतर देशभर झालं. मला ते नाव फारसं पटत नाही. त्यामुळे लोकांना वाटतं की तो नुसता धसमुसळा होता. वर सांगितलेली हालचाल परत वाचा, त्यात केवढी शिस्त आहे ते बघा.

तिसरा हंगाम, 2007-08, त्याचा सर्वोत्तम. सरासरी 22.6 गुण. क्लेमसनविरुद्ध घरच्या मैदानावर संघ हरण्याच्या बेतात होता. तिथून सामना दोन ओव्हरटाइमपर्यंत गेला आणि हॅन्सब्रोने 39 गुण आणि 13 रिबाऊंड घेतले. कॉन्फरन्सच्या स्पर्धेच्या उपांत्य सामन्यात व्हर्जिनिया टेकविरुद्ध शेवटचं सेकंदही पुरतं उरलेलं नसताना बेसलाइनवरून जंप शॉट टाकून 68-66 असा विजय मिळवून दिला. संघ 36 सामने जिंकून फायनल फोरला, म्हणजे राष्ट्रीय स्पर्धेच्या उपांत्य फेरीला, गेला आणि तिथे कॅन्ससने त्यांना अक्षरशः धुतलं. पहिल्या हाफमध्ये एका क्षणी 40-12. शेवट 84-66. विल्यम्सने पंधरा वर्षं सांभाळलेलं विद्यापीठ ते, म्हणजे घाव दुहेरी.

देशातला सर्वोत्तम खेळाडू, वर्ष संपलेलं, ड्राफ्ट समोर. तेव्हा कॉलेज खेळाडूला शिष्यवृत्तीपलीकडे छदामही मिळत नव्हता. नावाचे आणि चेहऱ्याचे पैसे घ्यायची परवानगी 2021 मध्ये आली. आज हॅन्सब्रो कॉलेजात असता तर लाखो डॉलर कमावले असते. 2008 मध्ये थांबण्याचा अर्थ स्पष्ट होता: दुखापत झाली तर सगळं हातचं जाणार, आणि वय वाढलं की ड्राफ्टमध्ये भाव उतरणार. तो थांबला. लॉसन, वेन एलिंग्टन आणि डॅनी ग्रीन या त्याच्या सहकाऱ्यांनी ड्राफ्टसाठी नावं दिली आणि मागे घेतली. शेवटच्या हंगामाच्या सुरुवातीला हॅन्सब्रोच्या नडगीला त्रास झाला आणि काही सामने गेले. परत आल्यावर डिसेंबर 2008 मध्ये त्याने फिल फोर्डचा 2,290 गुणांचा, तीस वर्षं टिकलेला विद्यापीठाचा विक्रम मागे टाकला.

2009 च्या राष्ट्रीय स्पर्धेबद्दल फार सांगत नाही, कारण ती एकतर्फी होती. सहाही सामने दोन आकडी फरकाने जिंकले. ब्लेक ग्रिफिनच्या ओक्लाहोमाला 72-60 हरवलं. डेट्रॉइटच्या फोर्ड फील्डवर 72 हजारांवर प्रेक्षकांसमोर, मिशिगन स्टेटच्या घरच्या राज्यात, अंतिम सामना झाला. मध्यंतरालाच 55-34, शेवटी 89-72. हॅन्सब्रोचे 18 गुण होते. सर्वोत्तम खेळाडूचा मान एलिंग्टनला मिळाला आणि लॉसनने आठ चेंडू हिसकावले. चौथ्या वर्षी हॅन्सब्रोवरचा भार असा वाटला गेला होता. त्याची सरासरीही आदल्या वर्षीपेक्षा कमी, 20.7. माझ्या मते हेच चांगल्या कॉलेज करिअरचं लक्षण. वैयक्तिक आकडा उतरला आणि संघ वर गेला.

मग एनबीए. पहिल्याच हंगामात आतल्या कानाच्या संसर्गाने चक्कर यायची, त्यात बराच काळ गेला. दुसऱ्या हंगामात त्याने सामन्याला 11 गुणांची सरासरी राखली आणि 2011 च्या प्लेऑफमध्ये, शिकागोविरुद्धच्या पहिल्या सामन्यात, 22 गुण केले. शिकागोचा तो संघ त्या वर्षी लीगमध्ये अव्वल होता. म्हणजे त्याला तिथे खेळता येत नव्हतं असं अजिबात नाही. पण दोन अडचणी कायम राहिल्या. खालून सुटणारा शॉट लांब हातांच्या खेळाडूंसमोर अडायचा. आणि नेमक्या त्याच वर्षांत पॉवर फॉरवर्डची, म्हणजे हॅन्सब्रोसारख्या उंच खेळाडूची, जागा पेंटमधून, रिंगखालच्या रंगवलेल्या पट्ट्यातून, बाहेर सरकली. कॉलेजची तीन गुणांची रेष 2008 पर्यंत 19 फूट 9 इंचांवर होती, मग 20 फूट 9 इंचांवर गेली; एनबीएची 23 फूट 9 इंच. हॅन्सब्रोचा जंप शॉट पंधरा-सतरा फुटांपर्यंतच चालायचा. 2015 मध्ये गोल्डन स्टेटने सेंटरच्या मानाने ठेंगण्या ड्रेमंड ग्रीनला सेंटर करून विजेतेपद मिळवलं, तेव्हा रिंगखाली जागा धरणाऱ्या, बाहेरून शॉट नसलेल्या उंच खेळाडूचं काम जवळजवळ संपलं होतं. वीस वर्षं आधी जन्मला असता तर तो बारा-तेरा हंगाम खेळला असता, असं मला प्रामाणिकपणे वाटतं.

आता तुमच्या मुलाबद्दल. व्हिडिओ जरूर दाखवा, पण बास्केटच्या क्लिप्स लावू नका. क्लेमसनविरुद्धचा तो सामना शोधा आणि मुलाला सांगा की चेंडूकडे बघायचं नाही, फक्त 50 नंबरच्या पायांकडे बघायचं. रिबाऊंड झाल्यावर पहिली तीन पावलं कुठे पडतात, जागा धरताना टाचा जमिनीला आहेत का, चेंडू मिळाल्यावर तो हनुवटीखाली जातो का, एवढंच.

आपल्याकडे फिबाचे, म्हणजे आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाचे, नियम लागतात: दहा मिनिटांचे चार क्वार्टर, क्वार्टरमधल्या पाचव्या सांघिक फाऊलपासून दोन फ्री थ्रो. त्यामुळे कॉलेजसारखं हाफभर फाऊल साठवता येणार नाहीत. क्वार्टरच्या पहिल्या तीन-चार मिनिटांतच आत चेंडू मागून फाऊल काढायचे, हे त्याला आत्तापासून कळू द्या. जिल्हा स्पर्धांत मी सतत बघतो की उंच मुलं फाऊल कमावतात आणि लाइनवर जाऊन दोन्ही वाया घालवतात. सराव संपल्यावर, दमलेलं असताना, घाम डोळ्यांत जात असताना फ्री थ्रो टाकायला लावा. ताज्या अंगाने टाकलेल्या फ्री थ्रोचा सामन्यात उपयोग होत नाही.

एका बाबतीत मात्र हॅन्सब्रोची नक्कल करू देऊ नका. त्याचा शॉट खालून सुटतो, तो तसा उचलायचा नाही. सोळाव्या वर्षी रिलीज, म्हणजे शॉट सोडायची पद्धत, बदलता येतो, विशीत फार जड जातं. आणि तीन गुणांच्या रेषेबाहेरून रोज थोडे शॉट हवेतच, मुलगा कितीही उंच असो. पोस्टचं कौशल्य वाया जाणार नाही. समोर ठेंगणा बचाव आला की आजही हेच सगळं लागतं. पण केवळ त्यावर आता कुठलाही प्रशिक्षक उंच मुलाला पहिल्या पाचांत घेत नाही.